चौथं भोक

३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुम्ही शिकवलंत तसं आधी माप, मग मजकूर. वरची खोली: लांबी पंधरा फूट दोन इंच, रुंदी बारा फूट, उंची नऊ फूट पाच इंच. टेप तीनदा धरली. दुसऱ्या वेळी लांबी अर्धा इंच जास्त आली होती, पण तेव्हा टेपचं दुसरं टोक आईकडे होतं आणि ती फोनवर बोलत होती.

आता मजकूर. तो लिहायला मला चार दिवस लागले.

बाबांनी निवृत्त झाल्यावर मोठा टीव्ही घेतला, हे आईने कळवलं असेलच. आता त्यांचं म्हणणं असं की चित्र भिंतीएवढं आणि आवाज मात्र डब्यात कोंडलेल्या माणसासारखा, हा दोष आहे. तीस वर्षं बॉयलर तपासलेला माणूस दोष दिसल्यावर गप्प बसत नाही. त्यांना थिएटरसारखा चारी बाजूंनी आवाज हवाय. आईने दोन अटी घातल्यात: जमिनीवर एकही खोकं नको, कारण ती त्याला अडखळणार, आणि भिंतीवर एकही वायर नको, कारण ती तिला दिसणार. समोरचे स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात बसतील. राहिले बाजूचे दोन आणि मागचे दोन. त्यांना जागा एकच उरते.

मामा, ती जागा म्हणजे तुमचं छत.

स्लॅबखाली तुम्ही जिप्समचे बोर्ड चढवून केलेल्या त्या छताला अठरा वर्षांत एक चीर गेलेली नाही. मी तापाने पडले की त्याच्याकडेच बघत पडायचे, आणि आता मीच त्याला चार भोकं पाडायची परवानगी मागते आहे. भिंतीत चुकीचा खिळा मारला तर तसबीर लावून झाकता येतो. छताला कोणी तसबीर लावत नाही.

बाबा म्हणाले, "तू ठरव." म्हणजे बरोबर आलं तर त्यांचा टीव्ही चांगला, आणि चुकलं तर पुढची तीस वर्षं "तूच ठरवलंस." तुम्हाला माझं ऑफिस माहीत आहे. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते मी. एक शून्य जास्त पडलं का, एवढंच दिवसभर बघते. घरी आल्यावरही ते थांबत नाही.

वहीत एकेचाळीस प्रश्न काढलेत. तीनच पाठवते. साडेसहा इंची स्पीकर घ्यावा की आठ इंची? सरळ खाली तोंड असलेला की तिरका? आणि तुम्हाला वाईट वाटेल का?

फोन केला असता, पण फोनवरचं माप तुम्ही धरत नाही.

तुमची भाची

*

९ फेब्रुवारी

बुडबुड्या,

लांबी माझ्या वहीत पंधरा फूट पावणेदोन इंच आहे. पाव इंच तू वाढवलास की खोली वाढली, ते मी विचारत नाही.

तुला हे नाव मी उगाच नाही ठेवलं. पाणसळीतला बुडबुडा जसा एका केसाच्या उतारालाही पळत सुटतो, तशी तू. भोकं पाडायला चार दिवस लागले तर समजू शकतो, विचारायला कशाला लागतात? छत म्हणजे काही देव नाही. दिव्यांसाठी लोक पाडतातच. मला काही वाईट वाटलेलं नाही.

आता नीट वाच. स्पीकरवर जो आकडा असतो तो स्पीकरचा, भोकाचा नाही. साडेसहाच्या स्पीकरला सव्वाआठ इंचाचं भोक लागतं, आठच्याला जवळजवळ दहाचं. तुमच्या खोलीला साडेसहा पुष्कळ. स्पीकरचं सगळं वजन त्या अर्ध्या इंचाच्या बोर्डावर पडतं, वरून तीन पंजे त्याला धरून ठेवतात, म्हणून दोन बोर्डांच्या सांध्यापासून हातभर लांब राहायचं. वर नऊ इंच पोकळी आहे, स्पीकर किती खोल जाईल याची काळजी नको. सरळ की तिरका ते दुकानात जाऊन ऐक, पत्रात आवाज पाठवता येत नाही.

आणि आपला नियम विसरू नकोस. खऱ्या मापाच्या कागदी चकत्या काप, जिथे भोक हवं तिथे चिकटव, आणि तीन दिवस खालून बघ. मग करवत. तीन दिवसांत माणसाला आपली चूक दिसते. लग्नाच्या वेळी मला ही सवड कोणी दिली नाही.

भोकं तीन पाड. मागच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीकडच्या, पाडू नकोस. तिथे आवाज कोंडतो.

मामा

ता. क. मी मामी. लग्नाचं वाक्य वाचलंय, त्याचं मी बघते. तुझं पत्र आल्यापासून तुझे मामा दोन दिवस जमिनीवर उताणे पडून आमच्याच छताकडे बघत होते. जेवायला तेवढे उठले. तुझ्या छताला काय झालंय?

*

१४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार. चकत्या: चार, प्रत्येकी सव्वाआठ इंच, कंपास लहान पडला म्हणून दोरी आणि खिळ्याने आखल्या.

शनिवारी दुकानात गेले. तिथला स्पीकरवाला दिवसभर मोठ्या आवाजात बसतो म्हणून की काय, इतकं हळू बोलतो की प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागते. त्याने एका अंधाऱ्या खोलीत बसवून सरळ आणि तिरका असे दोन्ही स्पीकर ऐकवले. मी पाचही खुर्च्यांवर बसून ऐकले, मग पाचही खुर्च्यांवर परत, कारण पहिल्या वेळी मी कोणत्या खुर्चीवर लक्ष देत नव्हते ते आठवेना. सरळ स्पीकरचा आवाज टाळूवर पडतो, आंघोळीच्या पाण्यासारखा. तिरक्याचा बरोबर कानाकडे येतो. तिरका घ्यायचं मी जवळजवळ ठरवलंय.

मग त्याला विचारलं, कोपऱ्यात आवाज कोंडतो का? तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. म्हणाला, "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, छताचं काम केलेल्या माणसाने. तो म्हणाला की छतवाल्यांना छत कळतं. मागचा उजवा आहे आणि डावा नाही, म्हणजे सिनेमातला माणूस मागून चालत येणार आणि खिडकीपाशी येऊन नाहीसा होणार. तर मामा, आवाज कोंडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते दोन ओळींत लिहाल का? मी त्याला दाखवीन.

चारही चकत्या छताला चिकटवल्या आहेत, तीन दिवस बघायला. पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट झाली. बाबा येऊन बसले, वर चार गोल बघितले आणि सिनेमा लावला. अर्ध्या तासाने आईला म्हणाले, "फरक आहे. मघाशी विमान डोक्यावरून गेलं." आई म्हणाली, "हो, माझ्या अंगावर काटा आला." मी सांगितलं की तो कागद आहे. बाबांनी थोडा वेळ वर बघितलं. "कागदाने एवढा," ते म्हणाले, "तर खऱ्याने किती?"

आणखी एक सांगते, सांगू नको असं आईने सांगितलंय, पण मग तुमच्यापासून लपवल्यासारखं होईल. हे सगळं खरं तर आईचं आहे. बाबा नुसते आवाजाबद्दल कुरकुरत होते, स्पीकर तिने काढले. वीस मार्चला ती तुम्हा दोघांना बोलावणार आहे. तुम्ही येता, खाली बैठकीत पाऊण तास बसता, बाबा "कसं काय" म्हणतात, तुम्ही "बरं" म्हणता, आणि जाता. अठरा वर्षांत तुम्ही तो जिना चढलेला नाहीत. आई म्हणते, दोघांना एका खोलीत तीन तास बसवायचं तर बोलायची गरज पडता कामा नये. म्हणून सिनेमा. माझ्या स्पीकरांवर इतकं अवलंबून आहे हे कळल्यापासून मला जेवण जात नाही.

तुमची भाची

*

१९ फेब्रुवारी

बुडबुड्या,

आवाज कोंडतो हे तुझ्या स्पीकरवाल्याला पटत नसेल तर सोड. दुसरं कारण देतो. त्या कोपऱ्यात बोर्ड धरणाऱ्या लोखंडी चॅनेलचा सांधा आहे, करवत अडेल. तिसरं, तो बोर्ड सगळ्यात शेवटी लावला होता, घाईत. चौथं, खिडकीतून दमट हवा येते, स्पीकर खराब होईल. तीन स्पीकर लाव, नाहीतर दोनच लाव. पूर्वी एक असायचा आणि लोक रडायचेसुद्धा.

वीस तारखेचं आईला सांग, बघू. गुडघा दुखतो. जिना आहे.

आणि तो जिना मी का चढत नाही ते तुला ठाऊक असायला हवं, तू तिथेच होतीस. तीन आठवडे मी मान मोडून ते काम केलं. भाऊजी रोज संध्याकाळी यायचे, टॉर्च भिंतीला लावून तिरका मारायचे आणि विचारायचे, "इथे सावली का पडते?" टॉर्च तिरका मारल्यावर सावली पडणार नाही तर काय पडणार? पूर्ण झालं त्या दिवशी त्यांनी टॉर्च मारला, पाणसळ लावली, दोरी धरली. मी शिडीशी उभा. मग त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "चहा घेणार का?"

बस. एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही. वाईट म्हणाले असते तर मी भांडलो तरी असतो.

मामा

ता. क. मी मामी. तिथे चॅनेलचा सांधा नाही. त्या कामाचे सगळे चॅनेल मी कापून दिले होते आणि सांधे भरायचा माल मीच कालवत होते, मला विचार. एका कोपऱ्याला चार कारणं सांगतायत म्हणजे पाचवं खरं आहे. गुडघा ठणठणीत आहे.

*

२३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार. जिना: सोळा पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. गुडघ्यासाठी लिहून ठेवा.

तुमचं पत्र आल्यावर मी लोहचुंबक दोऱ्याला बांधून तो कोपरा तपासला. चुंबक जिथे चिकटतो तिथे स्क्रू, आणि स्क्रूंच्या रांगेत चॅनेल. चकतीच्या जागी तो कुठेच चिकटला नाही. तुम्हाला खोटं ठरवायचं नव्हतं, मला फक्त खात्री करायची होती, पण खात्री केली की कोणीतरी खोटं ठरतंच.

मग मी विचार केला. चॅनेल नाही, सांधा नाही, आवाज कोंडत नाही, आणि तरी तुम्ही म्हणता हात लावू नकोस. आणि तुम्हीच लिहिलंत, तो बोर्ड घाईत लावला. याचा अर्थ एकच निघतो. तो बोर्ड पडणार आहे, आणि तुम्हाला ते अठरा वर्षं माहीत आहे.

मी खोली बंद केली आहे. दाराला दोरी बांधून चिठ्ठी लावली आहे. सोफा बाहेर काढला. आई-बाबा आता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून दारातून टीव्ही बघतात. बाबांना पडद्याचा डावा अर्धा दिसतो, आईला उजवा. सिनेमा संपला की एकमेकांना सांगतात. काल त्यावरून वाद झाला, कारण आईच्या अर्ध्यात नवरा निर्दोष होता.

बाबांनी विचारलं, खोली का बंद? मी म्हटलं, छताबद्दल एक शंका आहे. मामा, त्यांनी कपाटातून जुना टॉर्च काढला आणि सेल आणायला गेले.

म्हणून रीतसर विचारते. तो बोर्ड पडणार आहे का? हो किंवा नाही. उलट टपाली कळवा.

तुमची भाची

*

२५ फेब्रुवारी

बुडबुड्या,

नाही.

दोरी सोड. सोफा आत घे. भाऊजींच्या हातातला टॉर्च काढून घे. माझं छत पडणार? मी मरेन, तू म्हातारी होशील, ते छत तिथेच असेल. मी हे पत्र आज जाऊन जलद टपालाने टाकतोय, त्यावरून समज.

आता खरं सांगतो, आणि हे वाचून तू पळत सुटू नकोस.

आम्हा छतवाल्यांची एक पद्धत आहे. बोर्ड वर चढवायच्या आधी त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचं. तारीख, कोण कामाला होतं, कधी हिशेबाचं माप, आणि शेवटी मालकाबद्दल एक ओळ. मालकाला ती कधीच दिसत नाही, म्हणून मनातलं लिहितात. लोकांच्या डोक्यावर काय काय लिहिलेलं आहे ते त्यांना कळलं तर निम्मी घरं अंगणात झोपतील.

शेवटचा बोर्ड राहिला होता त्या दिवशी भाऊजी तीनदा सावली विचारून गेले. तुझी मामी बाजारात होती. तू तिथे गोणीवर बसली होतीस. तेव्हा तू शाळेत जात नव्हतीस, भाऊजींच्या दर वर्षी बदल्या, तर तुझी शाळा म्हणजे मीच. अक्षरं मालाच्या गोणीवरची, अंक टेपवरचे. त्या दिवशी तुझा धडा होता, एक पूर्ण मजकूर न चुकता लिहिणं. मी सांगितला, तू लिहिलास. जाड पेन्सिल दोन्ही हातांनी धरून, बोटाच्या पेराएवढी अक्षरं, जीभ बाहेर काढून. पाऊण तास लागला.

मजकूर असा: "या घराच्या मालकाला छतातलं काही कळत नाही. तो नुसता टॉर्च मारतो."

मग लाज वाटली. बोर्ड उलटा करून, पाठ आतल्या बाजूला ठेवून कपाटाला टेकवला, आणि सकाळी डोक्यावर घेऊन शिडी चढलो. डोक्यावर घेतलेल्या बोर्डाची पाठ वर असते, परत बघावं लागलं नाही.

तो बोर्ड म्हणजे मागचा डावा कोपरा. भोक पाडलंस की तुकडा खाली येणार आणि भाऊजी तो हातात घेणार, ते सगळंच हातात घेऊन बघतात. अठरा वर्षं "कसं काय" आणि "बरं" यावर चाललंय, ते तरी राहू दे. भाऊजी घरी नसताना पाड आणि तुकडा मला पाठव.

मामा

ता. क. मी मामी. आत्ता वाचलं. बाजारातून आले तेव्हा पेन्सिल निम्मी झिजलेली होती, मी विचारलंही होतं. म्हणे मापं घेतली. सात वर्षांच्या पोरीकडून लिहून घेतलं, स्वतःच्या हाताने लिहायचीही हिंमत नव्हती.

*

१ मार्च

मामा, नमस्कार. आज माप नाही. टेप धरावीशी वाटत नाही.

म्हणजे ते मी लिहिलंय. बाबांबद्दल, त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोक्यावर. ऑफिसात मी लोकांच्या चुका शोधते आणि माझी स्वतःची छतात बसवलेली आहे. मला तो दिवस आठवतो, एवढंच आठवतं की शेवटी तुम्ही "शाब्बास" म्हणालात आणि मी ते शाब्बास अजून जपून ठेवलंय.

बाबा घरी नसताना पाडणं जमणार नाही. ते निवृत्त आहेत, ते नेहमीच घरी असतात. शिवाय लपवणं मला येत नाही. काल त्यांनी नुसतं "काय म्हणतात तुझे मामा?" विचारलं आणि माझ्या हातून फुलदाणी पडली.

मी आधी दुसरे मार्ग बघितले. स्पीकरवाल्याला विचारलं, मागचे दोन नसले तर? तो म्हणाला, मग मागची भिंत बहिरी. समोर ठेवायचा एकच लांब डबा मिळतो, तो आवाज भिंतींवर फेकून चारी बाजूंचा भास करतो. तोही ऐकला. भास होता, पण तो उजव्या भिंतीलाच होत होता. आईने तर डबा म्हटल्याबरोबर नाही म्हटलं.

मग वाटलं, निदान चकती सरकवू, मजकूर चुकवू. मी शिडीवर होते तेवढ्यात बाबा आले. खालून म्हणाले, "डावीकडची चुकली आहे." त्यांनी टेप घेतली, खिडकीपासून धरली, मागच्या भिंतीपासून धरली, आणि चकती चार इंच खिडकीकडे सरकवायला लावली. "इथे," म्हणाले, "इथेच हवं." मी विचारलं का. म्हणाले, "माप आहे." आता ती चार इंच सरकली म्हणून बाकीच्या तिन्ही मी चार-चार इंच सरकवल्या. स्पीकरवाला म्हणतो, चार इंचांनी काही फरक पडत नाही. मग तो माणूस झोपतो कसा?

सहा तारखेला काम आहे. साडेसहा इंची, तिरके, चार. स्पीकर ठरले, मामा, चार आठवड्यांनी. पहिलंच काहीतरी मी ठरवलं, आणि त्याचं असं झालं.

मी बाबांना आधीच सांगणार आहे, करवत लागण्याआधी. तुम्ही आलात तर बरं होईल.

तुमची भाची

*

४ मार्च

बुडबुड्या,

सांगणारच असशील तर सांग, की मजकूर माझा, अक्षर तुझं. दोष मजकुराचा असतो.

मी येत नाही. गुडघा.

चौथं भोक स्पीकरवाल्याला पाडू देऊ नकोस. तू पाड. करवत खालून दाबायची नाही, नुसती फिरवायची, आणि शेवटच्या अर्ध्या इंचाला एक हात तुकड्याखाली धरायचा. तेवढं तरी चांगलं होऊ दे.

मामा

ता. क. मी मामी. गुडघा नाही, धीर दुखतोय. सकाळपासून पाणसळ पुसतायत.

*

८ मार्च

मामा, नमस्कार. भोकं: चार, सव्वाआठ इंच. चौथ्याची कड सगळ्यात साफ आली आहे. ते मी पाडलं.

झालं तसं लिहिते, काही गाळत नाही.

सहाला सकाळी स्पीकरवाल्याने तीन पाडली. बाबा खाली प्लास्टिकची पिशवी उघडून धुरळा झेलत होते. चौथ्याच्या आधी मी म्हटलं, बाबा, जरा जिन्यात या. मी वहीत सगळं लिहून आणलं होतं, दीड पान. त्यातलं पहिलं वाक्य वाचलं आणि बाकीचं सगळं एकदम बोलले: की त्या बोर्डाच्या पाठीवर तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय, मी लिहिलंय, मी सात वर्षांची होते पण तो बचाव नाही, आणि मामांना त्याची लाज वाटते.

बाबा म्हणाले, "हं."

मग म्हणाले, "चल, करवत गरम असतानाच उरकू." आणि पिशवी घेऊन वर गेले.

मी करवत फिरवली, दाबली नाही. शेवटी हात खाली धरला. तुकडा हातात आला, पाठ वर. माझीच अक्षरं होती, जाड, वाकडी, गोलाच्या कडेला तुटलेली: "मालकाला छता", त्याच्याखाली "काही कळत ना", त्याच्याखाली "ता टॉर्च मा". स्पीकरवाल्यानेही वाचलं असावं, तो इतक्या हळू "मी वायर बघतो" म्हणाला की मला ऐकू आलं नाही, नंतर कळलं.

मग मला त्या ओळींखाली अजून एक मजकूर दिसला. बारीक, सरळ रेषेत, शाईच्या पेनाने. मामा, ते अक्षर बाबांचं होतं.

तुकडा पार्सलने पाठवते आहे, दोन उशांमध्ये बांधून, पण टपाल उशिरा येईल म्हणून इथे उतरवून देते. तीनदा ताडून पाहिलंय:

"अक्षर: चांगले.
मजकूर: अंशतः मान्य.
छत: एक बोर्ड वगळता तपासले. दोष आढळला नाही."

खाली सही आणि तारीख, तुम्ही शेवटचा बोर्ड लावलात त्याच्या आदल्या संध्याकाळची.

मी बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "बोर्ड कपाटाला टेकवून ठेवला होता, दार उघडेना. फिरवला तर वाचला." मग मामांना सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "तीस वर्षांत मी कोणालाही तोंडी शेरा दिलेला नाही. लेखी देतो. दिला होता. त्याने वाचला नाही, त्याला मी काय करू? काम संपल्यावर मी अर्धा तास थांबलो की हा काही बोलेल. हा शिडीशी गप्प उभा. मग चहा विचारला."

आई तेवढ्यात वर आली. तिने तुकडा वाचला, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाली, "दोष आढळला नाही असं तुम्ही माझ्या कशाबद्दल कधी लिहिलंय?" बाबा पिशवी रिकामी करायला खाली गेले.

मामा, मी मोजून पाहिलं. चकती माझ्या जागी राहिली असती तर त्यांचा शेरा भोकाच्या बाहेर, छतातच राहिला असता. त्या चार इंचांत तो होता. खिडकीपासूनचं माप त्यांनी अठरा वर्षं डोक्यात ठेवलं होतं.

स्पीकर बसले. आवाज चांगला आहे. बाबा म्हणतात, कागदाचा जास्त चांगला होता, पण हे तोंडी म्हणाले, म्हणून मी धरत नाही.

तुमची भाची

*

१३ मार्च

बुडबुड्या,

तुकडा मिळाला. कड बघितली. शाब्बास. आधीचं शाब्बास टाकून दे, हे ठेव.

दोन दिवस तो समोर घेऊन बसलोय. एक बोर्ड वगळता, म्हणे. म्हणजे नेमका तो बोर्ड अजून तपासलेला नाही. अठरा वर्षं काम अर्धवट सोडून हा माणूस निवृत्त कसा झाला? भाऊजींना सांग, वीस तारखेला तो तपासून घेईन. टॉर्च त्यांचा, सेल मी आणतो. आणि "अंशतः" म्हणजे नेमकं किती, पाव, निम्मं की पाऊण, ते मला समक्ष हवंय. मजकुरातलं कोणतं वाक्य मान्य आणि कोणतं नाही, तेही.

जिन्याच्या सोळा पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत.

आईला सांग, सिनेमा कोणताही लाव. आवाज जरा कमी ठेव, आम्ही बोलत असू.

मामा

ता. क. मी मामी. गुडघ्याचं विचारू नकोस. मघाशी स्टुलावर चढून आमच्याच छताला टॉर्च तिरका मारून बघत होते. म्हणतात, इथे सावली का पडते?